फुकट कशाला राबतो हा पोरगा?

पत्र:

ताई, शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क करतो. थोरला पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरात बसून करतो. पगार चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. रात्री जेवण झालं की हा पुन्हा लॅपटॉप उघडतो आणि एक-दीड वाजेपर्यंत बसतो. ऑफिसचं काम का, म्हणून विचारलं तर म्हणाला, नाही, ओपन सोर्स. पैसे किती मिळतात? काही नाही. मग कशाला करतोस? तर नुसता हसला. मागच्या महिन्यात तीन आठवडे एकाच कामात होता. शेवटी एका रात्री आईला झोपेतनं उठवून सांगितलं, ‘मर्ज झालं!’ सकाळी मी विचारलं, काय झालं? म्हणे, मराठीतला ऱ्ह शोधताना चुकत होता, तो नीट केला. किती ओळी लिहिल्यास? म्हणे वीसेक. वीस ओळींना तीन आठवडे, तेही फुकट! आणि हेच फुकटचं घेऊन अमेरिकेतल्या कंपन्या करोडो मिळवतात. माझ्याकडं गिऱ्हाईक आलं तर दर ठरल्याशिवाय मी जॉब मशीनला लावत नाही. मी त्याला बोललो, ‘दुनियेची हमाली करायला शिकवलं का तुला?’ तेव्हापासनं बोलणं तुटक झालंय, दार लावून बसतो. लग्नाचं वय आहे. हे काय खूळ आहे, ताई? पोरगं वाया चाललंय का? का त्याला कुणी वापरून घेतंय?
— एक बाप, कोल्हापूर

उत्तर:

भाऊ,

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. पण आधी त्या ऱ्हकडे येऊ या. वीस ओळी आणि तीन आठवडे हा हिशेब तुम्हाला खटकलाय, आणि तुमचा मुलगा हे का करतो याचं निम्मं उत्तर त्या हिशेबातच आहे.

तुम्ही पत्रात ‘गिऱ्हाईक’ लिहिलंत. वर्कशॉपची बिलं कॉम्प्युटरवर मराठीत होत असतील तर हा शब्द रोज टाइप होत असणार. आपल्याला त्यात एक आडवा, अर्धा र दिसतो. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो आणि तो नुसते नंबर जुळवत बसतो. आणि हा अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेने खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह लिहायचा. दुसऱ्या वाटेने साधा र घ्यायचा, पाय मोडायचा, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकायचं आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, नंबर मात्र वेगळे. बिलं करणाऱ्या पोराच्या कीबोर्डने पहिली वाट धरली असेल आणि तुमच्या मोबाइलने दुसरी, तर तुम्ही ‘गिऱ्हाईक’ शोधलंत की कॉम्प्युटर बेधडक सांगणार, असा शब्दच कुठे नाही.

गोष्ट गिऱ्हाइकावर थांबत नाही. पायऱ्या, नोकऱ्या, दऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, आणि ‘शेतकऱ्यांना’. हा एक शब्द आपल्याकडच्या किती सरकारी कागदांत असेल त्याचा विचार करा, आणि तो शोधायला बसलेल्या माणसाला निम्मेच कागद सापडतात, हेही डोळ्यांपुढे आणा. निम्मे राहिले हे त्याला कळतसुद्धा नाही. हिंदीत हा अर्धा र नाही. त्यामुळे दिल्लीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरला ही चूक वर्षानुवर्षं समोर असूनही दिसत नाही. दिसली तरी ती काढून कुठल्या कंपनीचा नफा वाढणार आहे? ती दिसायला मराठी लिहिणारा माणूस लागतो, काढायला कोड येणारा लागतो, आणि त्या माणसाला कोड उघडून हात घालायची परवानगी लागते. ओपन सोर्समध्ये ती परवानगी असते. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सगळ्यांपुढे उघडा ठेवलेला असतो. कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा.

आता ते तीन आठवडे. त्या वीस ओळी नेमक्या कुठे घालायच्या हे कळायला दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो ओळी वाचाव्या लागतात. लिहून झालं की काम पाठवायचं. पलीकडे मेंटेनर असतो, म्हणजे त्या प्रोग्रॅमची जबाबदारी घेतलेला माणूस. तो बहुधा दुसऱ्या देशातला, मराठीचं अक्षर न येणारा. त्याला आधी पटवायचं की ही चूक आहे. मग त्याचे प्रश्न सुरू होतात. नेपाळीतही असाच अर्धा र आहे, तिथे काही मोडणार नाही ना? जुन्या फाइली उघडतील ना? शोध मंदावणार तर नाही? उद्या दुसऱ्या कुणी याच जागी हात घातला आणि ऱ्ह पुन्हा बिघडला, तर आपल्याला कळणार कसं? या शेवटच्या प्रश्नासाठी वेगळ्या टेस्ट लिहाव्या लागतात. काम दोन-तीनदा परत येतं. शेवटी पलीकडचा माणूस म्हणतो, ठीक आहे, घेतो, आणि त्या वीस ओळी मूळ प्रोग्रॅममध्ये कायमच्या जातात. त्यालाच मर्ज होणं म्हणतात. त्यानंतर जी नवी प्रत निघते ती जगात कुणीही उतरवून घेतली तरी त्यात तुमच्या मुलाच्या ओळी असतात.

म्हणून त्याने आईला उठवलं, भाऊ. मी बरीच वर्षं इथल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवलं. परीक्षेच्या कोडला एकच वाचक असतो आणि तोही घाईत असतो. कंपनीतला कोड बऱ्याचदा कुणी वाचतच नाही. तारखेच्या आत चालला की विषय संपला. जाणत्या माणसाने आपलं काम ओळ न् ओळ वाचावं, चुका दाखवाव्यात आणि सगळं झाल्यावर ते स्वीकारावं, हे सुख नोकरीत क्वचित मिळतं. तुमच्या मुलाला ते त्या रात्री मिळालं.

यावर अभ्यासही झालाय. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ या दोघांनी २८७ ओपन सोर्स प्रकल्पांतल्या ६८४ प्रोग्रॅमर्सना विचारलं, की तुम्ही हे का करता? त्यांचं लेखन २००५ साली प्रसिद्ध झालं. सगळ्यांत जोरदार कारण निघालं ते हे, की या कामात आपल्याला काहीतरी घडवल्याचा आनंद मिळतो. शिकायला मिळणं, स्वतःची गरज भागणं, डोक्याला खुराक मिळणं ही कारणंही होती, आणि बहुतेकांच्या मनात ती एकत्र मिसळलेली होती. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. त्यांतल्या ४० टक्के लोकांना या कामाचा पगार मिळत होता. म्हणजे ही सगळी फुकटची फौज आहे हा समज तेव्हाही खरा नव्हता.

मुलगा हसला आणि काही बोलला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. इतकी कारणं एकात एक गुंतलेली असली की एका वाक्यात उत्तर देता येत नाही. थोरामोठ्यांचंही तसंच होतं. डॅनिएल स्टेनबर्ग हा स्वीडनचा प्रोग्रॅमर. गप्पांच्या एका चॅनलवर लोकांना चलनाचे दर आपोआप सांगता यावेत, एवढीच त्याची अडचण होती. ते दर इंटरनेटवरून आणायला त्याने एक छोटा प्रोग्रॅम हाती घेतला, वाढवला आणि १९९८ मध्ये ‘कर्ल’ या नावाने बाहेर काढला. आज तो मोबाइल, टीव्ही, गाड्या अशा अब्जावधी यंत्रांत आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तो असण्याची दाट शक्यता आहे. स्टेनबर्गने सुमारे वीस वर्षं स्वतःची नोकरी सांभाळून रात्री-बेरात्री हे काम केलं. २०१९ पासून त्याला त्याच कामाचा पूर्णवेळ पगार मिळतो. लिनस टोरवाल्ड्सचं तसंच. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा, जाहीर केलं, तेही हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं सांगत. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे. आणि २००५ मध्ये त्याला कोड सांभाळायला चांगलं साधन मिळेना तेव्हा त्याने ‘गिट’ स्वतःच लिहायला घेतलं. तुमच्या मुलाची पुण्यातली कंपनी बहुधा त्याच गिटवर चालते.

आणि काहींना राग उठवून बसवतो. हा राग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल. अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी संस्था आहे. तिथल्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचा. तिथला जुना प्रिंटर अडकला की ज्याचं काम अडलं त्याला कॉम्प्युटरवर निरोप जावा, अशी सोय त्याने प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा मूळ कोड कंपनीने दिलाच नव्हता. ज्याच्याकडे तो कोड होता त्या माणसाला स्टॉलमन दुसऱ्या विद्यापीठात जाऊन भेटला. त्याने नाही म्हणून सांगितलं, कारण कुणाला द्यायचा नाही असा करार त्याने केला होता. यंत्र आपल्या खोलीत, दुरुस्त करायची अक्कल आपल्या डोक्यात, आणि हात लावायला मनाई. १९८३ मध्ये स्टॉलमनने सगळ्यांना उघडा असेल असा स्वतंत्र सॉफ्टवेअर-संच लिहायची घोषणा केली, आणि १९८९ मध्ये त्यासाठी असं लायसन्स काढलं, की हा कोड घेऊन बदलून पुढे वाटलात तर तुमचे बदलही उघडे ठेवावे लागतील. यामागे पैशाचा हिशेब नव्हता. आपण वापरतो त्या यंत्रावर आपला ताबा असावा, ही श्रद्धा होती. आजही अनेक जण याच श्रद्धेने काम करतात, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मराठीलाही असे लोक लाभले. इंटरनेट बघायचं फायरफॉक्स आणि कागदपत्रं लिहायचं लिब्रेऑफिस मराठीत दिसतं त्यामागे फावल्या वेळात भाषांतर करणारी माणसं आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट उघड्या लायसन्सवर दिला, तो आज किती ठिकाणी वापरला जातो ते बघा. मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळा दिसतो. तो मराठीसारखा दिसावा म्हणून कुणीतरी कधीतरी रात्री जागलेलं आहे.

आता पोटापाण्याचं बोलू. जोश लर्नर आणि जाँ तिरोल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं. (तिरोलना पुढे २०१४ चं नोबेल मिळालं.) त्यांचं म्हणणं असं, की उघड्यावर केलेलं काम हीच प्रोग्रॅमरची ओळख होते. कंपनीत केलेला कोड कंपनीच्या कपाटात राहतो, नोकरी बदलताना तो कुणाला दाखवता येत नाही. उघड्यावरचा कोड मात्र कुणालाही दाखवता येतो, त्यावर झालेली चर्चासुद्धा दिसते. मुलगा दुसऱ्याचं कसं ऐकतो, चूक दाखवली तर चिडतो की सुधारतो, हे मुलाखतीत कळत नाही, इथे कळतं. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे लिनक्सच्या गाभ्यावरचं ८० टक्क्यांहून जास्त काम पगारी माणसं करत होती. त्यांतल्या कित्येकांना कंपन्यांनी शोधलं ते त्यांचं उघड्यावरचं काम बघूनच. नवख्यांसाठी गूगलची समर ऑफ कोड ही योजना २००५ पासून चालू आहे, तिच्यात मानधन मिळतं. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. वाटा आहेत.

तरीपण मुलाला ‘यातनं नोकरी मिळते म्हणे, मग कर’ असं म्हणू नका. बक्षिसासाठी हे काम करायला लागलं की त्याची रया जाते. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्समध्ये चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असा एक उपक्रम दरवर्षी व्हायचा. २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी लोकांनी फालतू बदलांचा पाऊस पाडला. कुणी एक शब्द घातला, कुणी टिंब हलवलं. मेंटेनर लोक कचरा उपसून हैराण झाले आणि महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. तुमचा मुलगा एका अक्षरासाठी तीन आठवडे बसला. टी-शर्टसाठी कुणी तीन आठवडे बसत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. त्याला कुणी वापरून घेतंय का?

मोठ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर फुकट घेतात हे खरं आहे, आणि लायसन्स त्यांना तशी परवानगी देतं. पण घेणारा तुमचा मुलगाही आहे. तो ज्या साधनांनी शिकला आणि आज पगार मिळवतो त्यांतली बहुतेक दुसऱ्या कुणीतरी लिहून मोकळी सोडलेली आहेत. राधानगरी-गगनबावड्याकडे भाताच्या रोपलावणीला पैरा करतात, ते तुम्हाला माहीत असेल. आज तुमच्या वाफ्यात आम्ही, उद्या आमच्या वाफ्यात तुम्ही. पैसा मध्ये येत नाही, पण कुणी किती दिवस दिले हे सगळ्यांच्या लक्षात असतं. ओपन सोर्सचा पैरा त्याहून मोठा आहे आणि त्यात दिवस मोजायला कुणी नाही. ज्याने तुमच्या मुलाला दिलं त्याला तो परत देत नाही, तिसऱ्याला देतो. मोजणारा कुणी नसल्यामुळे आयतोबाही पुष्कळ असतात, आणि त्यातले काही फार मोठे, श्रीमंत आयतोबा असतात. हा अन्याय आहे, मी तो झाकणार नाही.

त्याचे परिणाम जगाने भोगलेत. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद ठेवतो. बँका, दुकानं, सरकारं सगळी त्यावर विसंबून होती. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची भयंकर चूक सापडली, आणि तेव्हा लोकांना कळलं की पूर्णवेळ काम करणारा तिथे एकच माणूस आहे आणि वर्षाला देणग्या जेमतेम २,००० डॉलर येतात. त्यानंतर कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला.

दुसरी गोष्ट याहून वाईट, आणि बाप म्हणून तुम्ही हीच लक्षात ठेवा. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम. तो एकच माणूस अनेक वर्षं बिनपगारी सांभाळत होता. २०२२ च्या सुमारास लोक त्याच्यावर ओरडायला लागले, की कामं पुढे का सरकत नाहीत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपव. त्याने सांगितलं, की माझी ताकद मर्यादित आहे आणि हे काम मी पगारावर करत नाही, हा माझा छंद आहे. त्याच काळात एक गोड बोलणारा मदतनीस पुढे आला, चांगलं काम करून त्याने विश्वास मिळवला, हक्क मिळवले, आणि २०२४ मध्ये त्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवला. ज्या नावाने तो वावरत होता त्यामागे कोण होतं ते उघड झालेलं नाही. जगभरच्या सर्व्हरमध्ये तो दरवाजा पोचायच्या बेतात असताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने पाठ धरली आणि २९ मार्च २०२४ ला सगळं उघडकीला आणलं. त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून काळजी करायचीच असेल तर पैशाची करू नका, ओझ्याची करा. आज तुमचा मुलगा स्वतःला आवडतं ते काम निवडतो आणि संपलं की आनंदाने आईला उठवतो. हे वापरून घेणं नव्हे. पण उद्या लोक त्याच्याकडे तगादा लावायला लागले, ‘आमचं का केलं नाहीस’ म्हणून अनोळखी माणसं खडसावायला लागली, काम करताना हसू जाऊन कपाळाला आठ्या आल्या आणि तरी त्याला सोडवेना, तर त्याला वापरून घेतलं जातंय असं समजा. तेव्हा त्याला हक्काने सांगा, की नाही म्हणायला शीक. त्याने कुणाचं देणं घेतलेलं नाही. लायसन्समध्येच लिहिलेलं असतं, की हा कोड आहे तसा दिलेला आहे, कसलीही हमी नाही. त्या वाक्याचा आधार घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

आता घरात काय करायचं. ‘हमाली’ हा शब्द त्याला लागलाय. तुम्ही स्वतः हाताने काम करणारे, तुमच्या तोंडून तो आला म्हणून जास्त लागला. तो शब्द मागे घ्या, लांबण लावू नका. मग वर्कशॉपमध्ये बोलवून त्याला म्हणा, ते ऱ्हचं काय केलंस ते दाखव, बिलांमध्ये ‘गिऱ्हाईक’ शोधून दाखव. सगळं कळलं नाही तरी चालेल, तासभर ऐका. त्याचं काम जगातल्या अनोळखी माणसांनी वाचलं आणि बापाने वाचलं नाही, एवढीच त्याची सल असेल असं मला पत्रावरून वाटतं.

आणि एक काम त्याच्यावर सोपवून बघा. लिनक्ससीएनसी नावाचा ओपन सोर्स कंट्रोलर आहे, तो लेथ आणि मिलिंग मशीन चालवतो. अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेत १९९० च्या दशकात त्याची सुरुवात झाली, कोड सगळ्यांसाठी मोकळा होता, आणि पुढे मशीनवर काम करणाऱ्या लोकांनीच तो वाढवला. कंट्रोलर गेल्यामुळे कोपऱ्यात पडलेलं एखादं मशीन तुमच्याकडे असेल, उद्यमनगरात बहुतेकांकडे असतं, तर तुम्ही दोघांनी मिळून ते उठवायचा प्रयत्न करा. चालू धंद्याच्या मशीनवर आधी हात घालू नका, आणि इमर्जन्सी स्टॉपची वायरिंग कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको. टूल कुठल्या वेगाने चालवायचं हे त्याला येत नाही, तुम्हाला येतं. प्रकल्पाला तुमच्यासारख्यांच्या सूचनाही हव्या असतात, कोड न लिहिणाऱ्यांच्या सुद्धा.

झोपेचं मात्र तुम्ही बरोबर बोलताय. दीड वाजेपर्यंत रोज जागणं चुकीचं आहे, कारण काहीही असो. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री ठरवून बाकीच्या मोकळ्या ठेव, एवढं त्याला सांगा, आणि आईकडून सांगितलं तर जास्त बरं. लग्नाचं म्हणाल तर बघायला येणाऱ्यांपासून हे लपवू नका. जी मुलगी याचं काय आहे हे स्वतःहून विचारेल तिच्याशी त्याचं पटेल.

शेवटचं काम या आठवड्यातच करा. रात्री तो जो लॅपटॉप उघडतो तो स्वतःचा की कंपनीचा, हे विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या नेमणुकीच्या करारात असं कलम असतं, की नोकरीत असताना कर्मचाऱ्याने लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा, आणि कंपनीच्या यंत्रावर लिहिला असेल तर वाद घालायलाही फारशी जागा उरत नाही. असा कोड त्याने बाहेर दिला तर तोही अडचणीत येतो आणि ज्यांनी तो घेतला तेही. करार काढून ते कलम दोघं मिळून वाचा. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आजपासून बंद, स्वतःचा घ्या, जुना चालेल. आणि फावल्या वेळात ओपन सोर्सचं काम करतो, त्याला हरकत नाही, अशी परवानगी त्याने साहेबांकडून तोंडी न घेता ईमेलवर घ्यावी. मागितली तर बऱ्याच ठिकाणी मिळते.